साबुदाण्याची खळ

माझा धाकटा भाऊ डॉक्टर निरंजन उपळेकर याने ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला, त्या दिवशी सांगलीत पेढे वाटले गेले. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे पेढे होते ते, चवीला पाटीवरच्या पेन्सिलीसारखे, पण लोक मिटक्या मारत खात होते. स्निग्धांश शून्य असला की काहीही कितीही खाल्लं तरी चालतं, हे निरूने त्याच दिवशी सिद्ध केलं होतं ना! शेजारच्या मराठेकाकूंनी एकट्याने अर्धा डबा संपवला आणि वर मला म्हणाल्या, "अगदी हलकं वाटतंय हो!"

शोध असा होता: माणूस जाडा होतो तो एकूण किती खातो त्याने नव्हे, उष्मांकांनी तर नव्हेच नव्हे. तो जाडा होतो फक्त तेलातुपाने. पोटात गेलेलं तूप थेट पोटावर जाऊन बसतं, त्याचा हिशेब शरीर वेगळा ठेवतं. भात, साखर, मैदा हवा तेवढा हाणा. याला 'उपळेकर परिणाम' असं भारदस्त नाव मिळालं. आडनाव माझंही तेच आहे, म्हणून माझाही नाइलाज होता.

दोन वर्षांत, म्हणजे २०४१ उजाडेपर्यंत, घराघरांतून फोडणी हद्दपार झाली. लग्नात वाफवलेली जिलेबी आली. बिनतेलाचा, साखरेत घोळवलेला चिवडा आला. शाळेत पोरांना डब्यात शेंगदाण्याचा लाडू दिला तर बाई चिठ्ठी पाठवायच्या. आणि गावातल्या प्रत्येकाचा कमरेचा पट्टा एकेक भोक पुढे सरकला. वजन वाढल्याची तक्रार घेऊन कोणी गेलं, की निरू गंभीर चेहरा करून म्हणायचा, "नकळत कुठेतरी तेल पोटात गेलं असणार." हे वाक्य खोटं पाडायची सोयच नव्हती. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथे तर गाय टीव्हीवर होती.

मी मिरजेला एका संशोधन संस्थेत श्वासघर चालवते. श्वासघर म्हणजे हवाबंद खोली. आत पलंग, टेबल, संडास, एक खिडकी. माणसाला दिवसभर तिथे ठेवायचं. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा सतत मोजली जाते: त्याने प्राणवायू किती वापरला, कार्बन डायऑक्साइड किती सोडला. त्यावरून शरीराने दिवसात किती ऊर्जा जाळली ते कळतं. काय जाळलं तेही कळतं. साखर जळताना जितका प्राणवायू लागतो तितकाच कार्बन डायऑक्साइड निघतो, चरबी जळताना बराच कमी निघतो. हवेपुढे खोटं बोलता येत नाही. म्हणूनच हे काम मला आवडतं.

जाळलेलं मोजायला श्वासघर, तसं खाल्लेलं मोजायला 'टिकली'. टिकली म्हणजे मसुरीच्या डाळीएवढी चकती. ती दाढेला बाहेरून चिकटवायची. घास चावला जात असताना ती त्यातून प्रकाशाची तिरीप सोडते आणि स्निग्ध किती, पिष्ट किती, प्रथिनं किती ते ओळखून फोनला कळवते. तिच्यामुळे दोन्ही बाजू मोजता येऊ लागल्या, आत किती आलं आणि बाहेर किती गेलं.

आणि नियम फार सोपा आहे. एक ग्रॅम तुपात नऊ उष्मांक, एक ग्रॅम साखरेत चार. तूप जपून खायचं ते एवढ्यासाठीच की थोडक्यात जास्त जातं. पण तुपाचे नऊशे आणि साखरेचे नऊशे, यांत अंगाला मोठा फरक पडत नाही. खाल्लेलं तूप साठतं खरं, पण त्याच वेळी आधीची चरबी दुसरीकडे जळत असते. शेवटी शिल्लक उरते ती बेरजेनुसार.

निरूच्या प्रयोगात दोन गट होते. एका गटाला तुपातेलाचे डबे, दुसऱ्याला कोरडे, उष्मांक दोन्हींत सारखे. तूपगटाचं वजन वाढलं. इथवर ठीक. पण तूपगटातल्या बायका माझ्या श्वासघरात दिवसाला सतराशे उष्मांक जाळत होत्या, आणि टिकल्या सांगत होत्या की महिन्याच्या सरासरीने त्या दिवसाला अकराशेच खातात. तरी वजन वाढतंय! म्हणजे रोज सहाशेच्या वर उष्मांक शून्यातून येत होते. हे आकडे पाहून मला कळलं की कोणीतरी चोरून खातंय. निरूला कळलं की आपल्याला नोबेल मिळतंय.

"निरू, शून्यातून काही येत नसतं," मी त्याला म्हणाले होते.

"ताई, तू फार जुन्या पुस्तकांतून शिकलीस," तो म्हणाला. "निसर्गाला तुझी वजाबाकी माहीत नाही."

"त्या बायका मधल्या वेळेला काय खातात ते विचारलंस?"

"विचारलंय. रोज फोनवर प्रश्न जातो. त्या सगळ्याच आठवड्यातून दोन-दोन उपवास करतात. त्यातच आपली आई आहे. आई खोटं बोलेल?"

आई खोटं बोलणार नाही हे मलाही मान्य होतं. आई त्याच्या प्रयोगातली पहिली सहभागी, आणि त्याच्या प्रत्येक भाषणात ती असायचीच. 'माझी आई चिमणीएवढं खाते, तरी तिचं वजन वाढतं, कारण ते चिमणीएवढं खाणं तुपातलं आहे.' लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. चिमणीचं वजन तेव्हा ब्याऐंशी किलो होतं.

इथपर्यंत मी नुसती नाकं मुरडत होते. जग मूर्ख असतं, ते आपल्या गतीने शहाणं होतं, असं म्हणून मी माझ्या हवेकडे बघत बसले असते. पण मग निरूने अस्तर आणलं.

अस्तर म्हणजे लहान आतड्याला आतून द्यायचा एक पातळ लेप. तोंडावाटे नळी घालून फवारायचा, तासाभराचं काम. एकदा बसला की आयुष्यभर निघत नाही. स्निग्ध पदार्थ त्यातून रक्तात जातच नाहीत, जसेच्या तसे बाहेर पडतात. आणि त्यांच्याबरोबर त्यांत विरघळणारी जीवनसत्त्वंही बाहेर पडतात. ज्या डुकरांवर प्रयोग झाले त्यांची हाडं वर्षभरात ठिसूळ झाली होती. हे निरूच्याच संस्थेच्या अहवालात होतं, बारीक अक्षरांत. आणि पहिलं अस्तर कोणाला? तर आईला. पुढच्या रविवारी, नाट्यगृहात, रंगमंचावर, सगळ्या महाराष्ट्रासमोर. मागे फलक: 'मातृदेवो भव'.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. मागच्याच वर्षी न्हाणीघरात घसरून तिचं मनगट मोडलं होतं, ते जुळायला सहा महिने लागले. अशा बाईच्या आतड्यांना हा माणूस डांबर फासणार होता, आणि ती बाई त्या दिवसासाठी पैठणीला पिको करून घेत होती.

त्या आठवड्यात आई तपासण्यांसाठी माझ्याकडे मिरजेला राहायला आली. बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर ती टेबलाशी बसली होती. समोर साबुदाण्याच्या खिचडीची थाळी, वरून तुपाची धार, शेजारी वाडग्यात दही. आणि पंचपाळ्यात, हळदीच्या वाटीत, टिकली.

"आई, टिकली काढलीस?"

"मग? आज एकादशी नाही का!"

"त्याचा टिकलीशी काय संबंध?"

"अगं, तिचा डिंक गव्हाच्या चिकाचा असतो. पाकिटावर लिहिलंय. दिवसभर तोंडात गहू धरून एकादशी करू?"

मी खुर्ची ओढून बसले.

"प्रत्येक उपवासाला काढतेस?"

"मी एकटीच का? भजनी मंडळातल्या सगळ्याच काढतो. कुसुमने पाकीट वाचलं म्हणून कळलं, नाही तर बाटलोच असतो."

"आणि त्या दिवशी डबा येतो त्याचं काय करता?"

"धुणंवालीला देतो. उपवासाला तो कसा चालेल?"

"आणि फोन विचारतो तेव्हा?"

"त्यात काय! तो विचारतो, आज काय खाल्लं? मी सांगते, उपवास. तो म्हणतो, छान."

"पण आई, तू खातेयस!"

"कुठे खातेय? उपवास आहे माझा," असं म्हणून तिने खिचडीचा आणखी एक डाव वाढून घेतला.

मी फोन उघडून निरूच्या प्रणालीत पाहिलं. सहभागी 'उपवास' म्हणाला की त्या दिवसाचे उष्मांक शून्य. प्रणाली निरूने स्वतः लिहून घेतली होती. ज्या माणसाचा जन्म सांगलीत झाला, जो दर संकष्टीला आईच्या हातचा बटाट्याचा कीस ओरपत मोठा झाला, त्याने उपवास म्हणजे शून्य असं लिहिलं होतं! एकादशी अन् दुप्पट खाशी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यासाठी परदेशातली पदवी लागत नाही. उलट ती असली की विसर पडत असावा.

"पण मंडळातल्या सगळ्या तूपगटातच कशा गं? गट तर चिठ्ठ्या टाकून पाडले होते."

"चिठ्ठ्या बदलल्या आम्ही," आई सहज म्हणाली. "निम्म्या जणींना कोरडा डबा आला होता. एकीने तूप खायचं आणि दुसरीने बघत बसायचं, हे बरं दिसतं का? ती वसतिगृहातली पोरं होती ना, त्यांना दिल्या आमच्या. पोरांना काय, काहीही चालतं."

म्हणजे एका गटात सगळ्या उपवास करणाऱ्या बायका, दुसऱ्यात उपवास न करणारी पोरं. दर उपवासाला टिकली हळदीत आणि बाई खिचडीत. यावर सगळ्या महाराष्ट्राची फोडणी बंद झाली होती. मला हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप.

तरीही संताप म्हणजे पुरावा नव्हे. मला उपवासाच्या दिवशी टिकली तिच्या दाढेवर हवी होती. गव्हाचा डिंक तर चालणार नाही. मग मी मूठभर साबुदाणा पाण्यात शिजवला, तो पारदर्शक झाल्यावर घोटून गाळला आणि खळ केली. लहानपणी पतंगांना लावायचो तशीच.

आईने वाटीत बोट बुडवून पाहिलं.

"यात दुसरं काही नाही ना?"

"साबुदाणा आणि पाणी."

"भांडं कुठलं घेतलंस? आमटीचं नाही ना?"

"नवं आहे, आई."

"मग चालेल," ती म्हणाली आणि तोंड उघडलं.

लाळेत साबुदाण्याची खळ विरघळते, म्हणून दर तासा-दीड तासाने मला ती नव्याने लावावी लागली. आईला मी श्वासघरात बसवलं. ती पोथी आणि फराळाची पिशवी घेऊन हौसेने आत गेली. छोट्या झडपेतून मी खळ लावत होते आणि काचेतून बघत होते. आधी सकाळची उरलेली खिचडी. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मग रताळ्याच्या तुपातल्या चकत्या. चार वाजता केळ्याची शिकरण. मध्येमध्ये तळलेले पापड, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, 'घशाला कोरड पडली म्हणून' मसाला दूध. आणि प्रत्येक घासाआधी हात जोडून नमस्कार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोवीस तासांचे आकडे आले. जाळलेले सोळाशे सत्तर. खाल्लेले अठ्ठावीसशे, त्यातले निम्मे चक्क साबुदाण्याचे, साखरेचे आणि रताळ्याचे. महिन्यातल्या सगळ्या उपवासांना हा आकडा लावला तर शून्यातून येणारे ते सहाशे उष्मांक अगदी बरोबर जागेवर बसत होते. ऊर्जेचा नियम जिथल्या तिथे होता. त्याला निरूच्या भाषणांनी ओरखडाही उमटला नव्हता.

मी आईला सगळं समजावून सांगितलं. शांतपणे, चित्रं काढून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उपवासाचं मोजायचं नसतं, केतकी. पुण्य जातं."

"आई, पुण्याचं राहू दे. ते अस्तर बसलं की निघत नाही. तुझी हाडं आधीच ठिसूळ आहेत. तू पुन्हा पडलीस तर उठणार नाहीस. रविवारी नको म्हण."

"निरूने ठरवलंय ना? तो डॉक्टर आहे."

"आणि मी कोण आहे?"

आईने माझ्याकडे जरा विचार करून पाहिलं. तिला मला दुखवायचं नव्हतं, हे सांगायला हवं.

"तू हवा मोजतेस," ती म्हणाली.

माझं म्हणणं तिला या जन्मी पटणार नव्हतं, आणि निरूने सांगितलं असतं तर तिने बसल्या जागी अस्तराचा नाद सोडला असता. त्याच दुपारी मी निरूकडे गेले.

त्याच्या टेबलावर रबराचं आतडं ठेवलेलं होतं, पाहुण्यांना अस्तर दाखवायला. मी आकडे समोर टाकले. आधी तो हसला. मग त्याने पहिला कागद पुन्हा वाचला. मग उठून दार लावलं.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुला आणि मला. आईला सांगितलंय, पण तिने ऐकलेलं नाही."

"तू छापणार."

"छापून यायला सहा महिने लागतात. आईला तू रविवारी नळी घालतोयस."

"ताई, आता कार्यक्रम रद्द कसा करू? मंत्री येतायत. लोक काय म्हणतील?" त्याचा चेहरा रडवेला झाला. आईच्या हाडांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. माझा भाऊ दुष्ट नाही, दुष्टपणाला थोडीतरी एकाग्रता लागते.

"कार्यक्रम रद्द करू नकोस," मी म्हणाले. "हा शोध तू लावलास असं सांग. तुला पहिल्यापासून शंका होती, म्हणून तू स्वतःच्याच प्रयोगाची उलटतपासणी केलीस. उपवासाच्या बायका, गव्हाचा डिंक, साबुदाण्याची खळ, सगळं तुझं. मी कुठेही नाही."

"आणि तुला काय हवं?"

"अस्तर बंद. आईला नाही, कोणालाच नाही. आणि आईचं नाव कुठेही येता कामा नये."

चहा निवायला लागतो तेवढाही वेळ त्याला लागला नाही. चेहरा उजळला, पाठ ताठ झाली. खिडकीशी जाऊन त्याने सांगलीकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू आता तीही त्याच्या नावावर होणार होती.

"नाव काय द्यायचं याला?" त्याने विचारलं.

मी निघून आले. माझी पंचवीस वर्षांची विद्या मी त्या रबरी आतड्याशेजारी ठेवून आले होते. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

रविवारी नाट्यगृह गच्च भरलं होतं. रंगमंचावरचा शस्त्रक्रियेचा पलंग हलवलेला होता, फलक तोच होता. आईला निरूने सकाळीच सांगितलं होतं की आता अस्तराची गरज नाही, नवा शोध लागलाय. ती लगेच "बरं" म्हणाली. पैठणी नेसून पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली. मागच्या दोन रांगांत भजनी मंडळ.

"विज्ञान म्हणजे स्वतःची चूक स्वतः शोधण्याचं धाडस!" निरू म्हणाला, आणि टाळ्यांनी छत दणाणलं. मग त्याने सगळं छान सांगितलं. शरीर तूप आणि साखर यांच्यात भेद करत नाही, ते बेरीज बघतं. त्याने अक्षय्यतेचा नियम समजावला, अगदी तो स्वतःच त्याचा जनक असल्यासारखा. लोक माना डोलवत होते. याच लोकांनी दोन वर्षांपूर्वी उलट्या गोष्टीला याच माना डोलवल्या होत्या. माना त्याच होत्या, फक्त खाली आता एकेक हनुवटी जास्त होती.

शेवटी पडद्यावर पदार्थांची चित्रं आली. खिचडी, वरी, रताळी, शिकरण, पापड, लाडू, मसाला दूध. "आमच्या एका सहभागी भगिनीने," निरू आवाज खाली आणून म्हणाला, "एका एकादशीच्या दिवशी एवढं खाल्लं. अठ्ठावीसशे उष्मांक!"

सभागृहात मोठा हशा पिकला. भजनी मंडळातल्या बायका तोंडाला पदर लावून एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या. आता आईला कळेल, असं वाटून मी तिचा हात धरला. ती माझ्या कानाशी वाकली.

"ऐकलंस?" ती म्हणाली. रागाने तिचा आवाज कापत होता. "उपवासाला इतकं हादडायचं, आणि वर माझ्या पोराला फसवायचं! दोन वर्षं फुकट घालवली त्याची. कोण गं ती मेली? तू ओळखतेस?"

मी तिच्याकडे पाहिलं. मोडून जुळलेलं ते मनगट माझ्या हातात होतं.

"ओळखते," मी म्हणाले. "वाईट नाही गं ती. खायला आवडतं तिला, एवढंच."

"असल्यांनाच घालायला हवं होतं ते अस्तर," आई म्हणाली आणि माझा हात सोडवून निरूसाठी टाळ्या वाजवू लागली.